खनिज, खडक, दगड, गार: कुठल्या शब्दाचा नेमका अर्थ काय?

काल रात्री झोप येत नव्हती म्हणून मोबाईलवर सामान्यज्ञानाची टेस्ट सोडवत बसले, विषय खडक आणि खनिजं, वीस प्रश्न. म्हटलं शाळेत झालंय की सगळं, अग्निजन्य, गाळाचे, रूपांतरित, त्यात काय एवढं. वीसपैकी अकरा! आणि चुकले ते बरेचसे माहितीत नाही, शब्दांत चुकले. हा बघा: 'खनिज नसलेलं ओळखा: क्वार्ट्झ, बर्फ, ग्रॅनाइट, हिरा.' मी डोळे झाकून बर्फ ठोकलं. उत्तर ग्रॅनाइट. लगेच पुढे, दगडी कोळसा हे खनिज आहे, चूक की बरोबर. अहो खाणीतूनच काढतात ना तो, मग बरोबरच, तर म्हणे चूक. मग खनिज म्हणजे खाणीतून निघालेलं, हे इतकी वर्षं म्हणत आलो ते काय होतं? जाणकारांनी जरा उजेड पाडा.

---

शब्द फोडून बघितलात तर तुमचंच बरोबर आहे. खनि म्हणजे खाण, ज म्हणजे जन्मलेलं. व्यवहारात खाणीतून जे जे निघतं ते सगळं खनिज, त्यात कोळसा आला आणि 'खनिज तेल' तर नावासकट आलं.
पण भूशास्त्रवाल्यांनी तोच शब्द उचलून त्याला अटी घातल्या. निसर्गात आपोआप तयार झालेलं हवं, घन हवं, रासायनिक घटक ठरलेले हवेत आणि आतली अणूंची मांडणीही ठरलेली हवी. कोळसा झाडझाडोऱ्यापासून झालेला, घटकांचं प्रमाण दर थराला वेगळं, ठरलेली स्फटिकरचना नाही, म्हणून तो गाळाच्या खडकांत धरतात. बर्फ सगळ्या अटींत बसतो. म्हणजे डोंगरावरचा, फ्रीजमधला नाही, तो माणसाने केलेला! पारा द्रव असूनही यादीत आहे, तो जुना लाडका अपवाद. अशी मान्य खनिजं आता सहा हजारांच्या वर गेलीत, पण रोजच्या खडकांत सापडणारी मोजकीच.

---

ग्रॅनाइटचं कोणी सांगितलंच नाही. पॉलिश केलेला ग्रॅनाइट असेल तर नाक टेकवून बघा. राखाडी काचेसारखे ठिपके दिसतील ते क्वार्ट्झ, गुलाबी किंवा पांढरट ठोकळे ते फेल्डस्पार, आणि मान हलवली की चमकून विझणारे काळे कण बहुतेक अभ्रक. म्हणजे खनिजं तीन आणि खडक एक. भेळ आणि कुरमुरे म्हणा हवं तर. आता दगड, धोंडा, गोटा हे सगळे बोलीतले शब्द, आकारावरनं आणि घाटावरनं पडलेले. उचलून मारता येतो तो दगड, उचलत नाही तो धोंडा, पाण्याने घासून गुळगुळीत झाला की गोटा, आणि जमिनीतनं अखंड वर आलेला तो कातळ. भूशास्त्रज्ञ मात्र खिशातल्या तुकड्यालाही खडकच म्हणतात. गंमत म्हणजे त्यांच्याकडेही धोंड्याचं माप आहे, २५६ मिलिमीटरच्या वर गेला की धोंडा, आणि २ मिलिमीटरच्या खाली ती वाळू.

---

मला 'गार' या शब्दाबद्दल बोलायचंय. आकाशातनं पडते ती गार, आणि पांढरा क्वार्ट्झचा खडा तोही गार, गारगोटी त्यातलीच. आता बघा, ग्रीक लोक स्वच्छ स्फटिकाला जो शब्द वापरायचे तो मूळ बर्फाचा शब्द, आणि जुनी समजूत अशी होती की स्फटिक म्हणजे इतका घट्ट गोठलेला बर्फ की आता वितळतच नाही. इंग्रजीतला क्रिस्टल तिथनंच आला. मराठीतही एकच शब्द दोघांना! आणि वर धागाकर्तीच्या टेस्टमध्ये क्वार्ट्झ आणि बर्फ दोन्ही खनिज निघाले म्हणजे गार ही दोन्हीकडनं पास.

---

@गार: वाचायला छान वाटलं पण आवाज जुळला म्हणजे नातं जुळलं असं नसतं हो. ग्रीकचं ठीक आहे, मराठीतल्या दोन गारा एकाच मुळातल्या का हे नुसतं ऐकून ठरत नाही.
त्यापेक्षा संगमरवर घ्या, तिथे वादच नाही. फारसीत संग म्हणजे दगड. म्हणजे आपण 'संगमरवरी दगड' म्हणतो तेव्हा दगड दोनदा म्हणतो. संगजिरं पण तेच, त्याचा जिऱ्याशी काडीचा संबंध नाही, मूळ संग-ए-जराहत, जखमेवर लावायचा दगड. आणि चकमक तुर्की. गारेवर पोलाद घासलं की ठिणगी उडते ती चकमक, आणि दोन टोळ्या एकमेकांवर घासल्या की झडते तीही चकमक. ठिणगी गारेची असते असं वाटतं पण जळतो तो पोलादाचा खरवडून निघालेला कण.

---

कुरुंद राहिला! धार लावायच्या दगडाचा कुरुंद. इंग्रजीतलं कोरंडम दक्षिण भारतातल्या भाषांतनं गेलंय, आपण उलट तिकडनं उसनं आणलं असं समजतो. माणिक आणि नीलम दोन्ही कुरुंदच, क्रोमियम मिसळलं की लाल, लोह आणि टायटॅनियम असलं की निळा. दागिन्यात बसला तर रत्न, नाहीतर सुरी घासा.

---

धागाकर्ती इथे. अजून एक चुकलेला: 'हिरा हातोडीने फुटतो, चूक की बरोबर.' मी चूक दिलं कारण जगातलं सगळ्यात कठीण खनिज ना ते?

---

फुटतो, चक्क तुकडे होतात. कठीण या शब्दाने घोळ केलाय. १८१२ मध्ये मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने जी १ ते १० ची पट्टी केली ती ओरखड्याची आहे, कोण कोणावर चरा काढतो एवढंच. १ वर संगजिऱ्यातलं टाल्क, ७ वर क्वार्ट्झ, ९ वर कुरुंद, १० वर हिरा. बरं नऊ आणि दहात फरक एकाचा दिसतो पण प्रत्यक्ष मोजलं तर हिरा कुरुंदाच्या जवळजवळ चौपट कठीण. पण घाव सोसणं वेगळं, त्याला चिवट म्हणा. हिरा कठीण आणि तरी ठिसूळ, जेड त्याच्यापुढे मऊ पण भलताच चिवट. दगडापेक्षा वीट मऊ म्हणणाऱ्याने मोसच्या आधीच पट्टी काढली होती म्हणायची!

---

आणि शिसपेन्सिल विसरू नका लोकहो. त्यात शिसं कधीच नव्हतं, आहे ते ग्राफाइट, हिऱ्याचाच सख्खा भाऊ, दोघंही कार्बन. ते शिशाचाच प्रकार असं लोक समजायचे, १७७९ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने तो कार्बन आहे हे दाखवलं आणि १७८९ मध्ये व्हेर्नर या भूशास्त्रज्ञाने ग्राफाइट नाव दिलं, ग्रीक 'लिहिणे' वरून. तोवर नाव चिकटलेलं, आपण ते शिशासकट मराठीत आणलं आणि अजून मुलांना टोक करून देतोय.

---

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. सकाळी कुंडीतला एक पांढरा खडा घेतला, गार की कॅल्साइट (चुनखडीतलं मऊ खनिज) बघायला, आणि स्वयंपाकघरातली सुरी ओढली. ठळक करडी रेघ उठली. म्हटलं चरा पडला, म्हणजे मऊ, म्हणजे कॅल्साइट. मग ओलं बोट फिरवलं तर रेघ पुसून गेली, खाली खडा जसाच्या तसा, आणि सुरीचं टोक बोथट. म्हणजे ती रेघ सुरीच्याच पोलादाची होती ना?

---

हो, गार आहे. खात्रीसाठी व्हिनेगरचा थेंब टाका, कॅल्साइट असता तर बारीक बुडबुडे आले असते. आणि सुरीला आता कुरुंद शोधा.