मदत हवी आहे: ग्रहलाघवाच्या अहर्गणातून (गेलेल्या दिवसांच्या मोजणीतून) वार एकाने मागे येतो

ज्योतिषाच्या जुन्या पोथ्यांची सूची विज्ञानेतिहासाच्या संशोधन संस्थेला द्यायची आहे. पुष्पिकेतल्या (पोथीच्या शेवटच्या नोंदीतल्या) तिथीची इसवी तारीख ग्रहलाघवाच्या, म्हणजे शके १४४२ पासून मोजणी करणाऱ्या गणेश दैवज्ञांच्या ज्योतिषग्रंथाच्या, रीतीने पडताळावी लागते. चाचणीसाठी पानिपतची तिथी घेतली: शके १६८२, पौष शुद्ध ८, बुधवार.

१६८२ − १४४२ = २४०. ११ ने भागून चक्र (११ वर्षांचा गट) २१, शेष ९. ९ × १२ + गतमास (चैत्रापासून पूर्ण झालेले महिने) ९ = ११७. अधिकमासांसाठी ११७ + (२ × २१) + १० = १६९; ३३ ने भागून ५. एकूण मास १२२. १२२ × ३० + गततिथी ७ + चक्राचा षष्ठांश ३ = ३६७०. ६४ ने भागून क्षयदिन (गळणाऱ्या तिथी) ५७, ते वजा करून चालू चक्रातला अहर्गण ३६१३. वारासाठी ३६१३ + (५ × २१) = ३७१८, ७ ने भागून शेष १. शून्याला सोमवार, म्हणून मंगळवार. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
चूक नाही. ही रीत मध्यम (सरासरी) मानाची आहे आणि पंचांगातली तिथी स्पष्ट (प्रत्यक्ष स्थानावरच्या) चंद्रसूर्यांची, त्यामुळे एका दिवसाचा फरक पडतो. वार जुळेल असा १ मिळवणं किंवा वजा करणं हा रीतीचाच भाग आहे. अहर्गण ३६१४ घ्या. एका चक्राचे दिवस ४०१६, म्हणून २१ × ४०१६ + ३६१४ = ८७९५०. ग्रंथारंभ १९ मार्च १५२० (जुलियन), सोमवार; तिथून इतके दिवस मोजले की १४ जानेवारी १७६१ (ग्रेगरियन), बुधवार.

प्रतिसाद २
हे बरोबर, पण वार जुळला की तारीख पक्की असं कृपया धरू नका. शके १६८२ मध्ये पौषाआधी अधिकमास येऊन गेला होता. तो धरून गतमास १० घेतले तर अहर्गण ३६४३ येतो, वार गुरुवार. सवयीने १ वजा केला की बुधवार छान जुळतो आणि तारीख निघते ११ फेब्रुवारी! चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, सातांनी भागून उरतो दीड, म्हणून महिन्याची चूक एका दिवसाच्या फरकामागे लपते. गतमासात अधिकमास कधीच धरायचा नाही, तो ३३ च्या भागाकारातून येतो. तिथे शेष शून्याच्या किंवा ३२ च्या आसपास असेल तर मास एकाने कमीजास्त करून दोन्ही तारखा काढा आणि संक्रांतीशी ताडून पाहा. अमान्त (अमावास्येला संपणाऱ्या) पौषात मकरसंक्रांत हवीच.

धागाकर्ता
आभार, आता सुटलं. वद्य तिथीला काही वेगळं?

प्रतिसाद २
वद्य ५ ला गततिथी १९. पोथी उत्तरेत लिहिलेली असेल तर महिना बहुधा पूर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारा) असतो. तिथला माघ वद्य आपला पौष वद्य, म्हणून आधी महिना एकाने मागे घ्या.