मोटरहोमची फर्नेस चालते, पण मागच्या बेडरूमपर्यंत ऊब पोचत नाही

सातारकर_डेन्व्हर

नमस्कार मंडळी. आमच्याकडे 31 फुटी क्लास सी मोटरहोम आहे, फोर्ड ई-450 च्या चासीवरचं, सेकंडहँड घेतलेलं. साताऱ्याहून आई-बाबा आलेत, त्यांना अमेरिकेतलं यूटा राज्य दाखवायला निघालोय. मोआबला ठीक होतं, पण ब्राइस कॅन्यनला आलो आणि रात्री बाहेर उणे 9 सेल्सिअस. आई-बाबा मागच्या बेडवर झोपतात आणि तिथेच सगळ्यात जास्त गारठा. बाबांना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे मला हे लवकर निस्तरायचंय.

फर्नेस, म्हणजे गाडी गरम करणारी भट्टी, प्रोपेन गॅसवर चालणारी आहे, फ्रिजच्या खाली बसवलेली. ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) सुरू होतो, थोड्या वेळाने ज्योत पेटल्याचा आवाजही येतो. स्वयंपाकघरातल्या व्हेंटमधून (हवा बाहेर यायच्या जाळीतून) गरम हवा येते, पण जोर नाही. किचनमधला थर्मामीटर धरून पाहिला तर तिथे 46 अंश. बेडरूमच्या व्हेंटला जेमतेम 24, आणि टिश्यू पेपर धरला तरी हलत नाही. आणखी एक गोष्ट: थर्मोस्टॅटने मागितलेलं तापमान आलेलं नसतानाही मध्येच ज्योत विझते, ब्लोअर नुसती गार हवा फेकत राहतो, मग टक् असा आवाज होऊन पुन्हा पेटते. रात्रभर हेच.

टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली आहे, शेगडी नीट निळी जळते. पार्कमध्ये वीजजोडणी नाही, बॅटरीवरच आहोत. मागे एका कॅम्पग्राउंडवर वीज जोडली होती तेव्हा हवा किंचित बरी वाटली होती. सुरुवात कुठून करू?

यूटा_भटक्या

पुढचे दोन व्हेंट बंद करून टाका, सगळी हवा आपोआप मागे जाईल. आम्ही तसंच करतो. आणि टाकीजवळचा रेग्युलेटर बदला, थंडीत तो कमी दाब देतो.

चाकांवरचं_घर

सातारकर, पुढचे व्हेंट बंद करू नका. भटक्या, तुमच्या गाडीत चालून जात असेल, पण इथे त्याने दुखणं वाढेल, का ते सांगतो. निवृत्तीपर्यंत मी मिशिगनमध्ये घरांच्या हीटिंगचंच काम केलं. आता वर्षाचा बराच काळ मोटरहोममध्ये असतो.

या फर्नेसमध्ये ज्योत हवेच्या ताब्यात असते. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी फक्त ब्लोअर फिरतो. हवेच्या झोतात एक पातळ पाती बसवलेली असते, तिला सेल स्विच म्हणतात. झोत पुरेसा असेल तरच ती पाती दाबली जाते आणि पुढे गॅसचा व्हॉल्व्ह उघडायची परवानगी मिळते. दुसरा पहारेकरी लिमिट स्विच. भट्टीची पेटी फार तापली की तो गॅस तोडतो, ब्लोअर मात्र चालू ठेवतो, आणि पेटी निवली की पुन्हा जोडतो. ज्योत मध्येच विझणं आणि ब्लोअर गार हवा फेकत राहणं हे तुम्ही लिहिलंत, ते या दोघांपैकी एकाचं काम आहे. दोन्हींचं मूळ एकच: हवा कमी फिरतेय. अशात पुढचे व्हेंट बंद केले तर पेटी आणखी लवकर तापणार, ज्योत आणखी वेळा विझणार, आणि आईबाबांना आत्ता मिळतेय तेवढीही ऊब मिळणार नाही.

गॅसचा संशय मी शेवटी घेतो. शेगडी निळी जळतेय म्हणजे टाकीतून गॅस येतोय. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत वायुरूप होऊ शकतो, त्यामुळे उणे 9 ला तो टाकीत गोठून बसलेला नाही. आपल्याकडच्या एलपीजीत ब्युटेनही असतो, त्याचा उत्कलनबिंदू शून्याच्या जरासा खाली, म्हणून लडाखमध्ये सिलिंडर रुसतात. इथला गॅस जवळजवळ निव्वळ प्रोपेन असतो. फर्नेस चालू असताना गॅसचा दाब 11 इंच वॉटर कॉलमच्या (हे गॅसचा कमी दाब मोजायचं एकक) आसपास टिकतो का हे मॅनोमीटर, म्हणजे दाबमापक, लावून पाहता येतं, पण ते काम परवानाधारक माणसाकडून करून घ्या. मापन न करता रेग्युलेटर बदलू नका. ब्राइसच्या काठाची उंची 2,400 मीटरच्या वर आहे, विरळ हवेत फर्नेस समुद्रसपाटीपेक्षा कमी उष्णता देते हे खरं, पण पुढे 46 आणि मागे 24 हा फरक उंचीने पडत नाही.

आता मल्टिमीटर काढा. ब्लोअर चालू असताना आधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा, मग फर्नेसच्या जवळ, जिथे तिच्या वायरी येऊन जोडल्यात तिथे. बॅटरीचा आकडा पाहून समाधान मानू नका, मोटरला जे मिळतं तेच मोजायचं. फर्नेसपाशी साडेदहाच्या खाली गेलं तर ती नीट चालणारच नाही, आणि अकराच्या आसपास असेल तरी पंखा मंदावलेला असतो. वीज जोडल्यावर हवा बरी वाटली, यावरून मला हाच संशय जास्त आहे, कारण कन्व्हर्टर (बाहेरच्या विजेतून गाडीला बॅटरीसारखी डीसी वीज देणारं यंत्र) साडेतेरा व्होल्टच्या आसपास देतो. एक लक्षात ठेवा: या फर्नेसच्या मोटरला दोन्ही बाजूंना पंखे असतात. एक घरातली हवा ढकलतो, दुसरा ज्योतीला बाहेरची हवा पुरवतो. मोटर मंदावली की दोन्ही कामं बिघडतात.

कोणी आधी मोटर बदललेली असेल तर वायरी उलट तर नाहीत ना, तेही पाहा. डीसी मोटर उलटी फिरते, पण त्या पिंजऱ्यासारख्या पंख्यातून हवा त्याच दिशेला येत राहते, फक्त खूप कमी. म्हणून ती चूक पटकन सापडत नाही.

मग डक्ट, म्हणजे गरम हवा नेणारे पाइप. फर्नेसपासून निघणारा प्रत्येक चार इंची लवचिक पाइप हाताने चाचपत शेवटपर्यंत जा. ड्रॉवर बाहेर काढा, बेडखालची फळी उचला, बाथरूमच्या कपाटाखाली टॉर्च मारा. बागेतल्या पाइपवर पाय पडल्यावर पाण्याचं जे होतं तेच दबलेल्या डक्टमध्ये हवेचं होतं. आणि फर्नेसच्या समोरची जाळी, जिथून ती खोलीतली हवा ओढते, तिच्यापुढे बॅगा किंवा चपला ठेवलेल्या नसाव्यात.

तोपर्यंत एक कळकळीचं सांगणं. ऊब मिळावी म्हणून शेगडी किंवा ओव्हन पेटवून ठेवू नका. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि बाबांना दमा आहे.

कॅल्गरीची_ताई

काकांनी सगळं सांगितलंच आहे, मी एकच भर घालते. वीज असेल तिथे इलेक्ट्रिक हीटर लावून फर्नेस बंद ठेवायचा मोह होतो. बऱ्याच मोटरहोममध्ये फर्नेसचा एक डक्ट खाली पाण्याच्या टाक्यांच्या कप्प्यात जातो. फर्नेस बंद राहिली तर आत तुम्ही उबेत आणि खाली नळ गोठलेले. तेव्हा हीटर लावलात तरी फर्नेस अधूनमधून चालू राहू द्या.

आईबाबांना आज पुढे, ड्रायव्हरच्या वरच्या बंकवर झोपवू नका. तिथे काचा आणि पातळ भिंती, फार गार पडतं. डायनेटचा (जेवायच्या टेबल-बाकांचा) बेड करा, फर्नेसच्या जवळ.

सातारकर_डेन्व्हर

काका, ताई, खूप आभार. डायनेटचा बेड केला, आईबाबा कालची रात्र तिथे झोपले आणि बाबांना खोकला आला नाही.

आज सकाळी उजेडात मोजलं. ब्लोअर चालू असताना बॅटरीपाशी 12.5, फर्नेसपाशी 10.9. मोटरच्या वायरी सरळच आहेत. मागच्या डक्टचा शोध घेताना बाथरूमच्या कपाटाखाली तो फर्नेसच्या कॉलरवरून (पाइप बसवायच्या गोल तोंडावरून) निसटलेलाच सापडला. कापडी टेपने बांधला होता, टेपचा डिंक वाळून भुकटी झालाय. गरम हवा सगळी बाथटबखालच्या पोकळीत जात होती. शिवाय बेडखाली वळणावर तोच पाइप एका फळीखाली चेपून अर्धा झालाय. तो सरळ कसा करू? आणि व्होल्टेजचं आता काय?

चाकांवरचं_घर

शाब्बास, दोन्ही आजारांची कारणं मिळाली. आता तुला अरेतुरे करतो, काका म्हणालासच.

पाइप चेपला तेवढा भाग कापून टाक आणि नवा चार इंची डक्ट लाव. शक्य तेवढा ताणून, कमीत कमी वळणांनी. लवचिक पाइप सैल सोडला तर आतल्या घड्याच हवा अडवतात. कॉलरवर स्टीलचा क्लॅम्प आणि वरून ॲल्युमिनियमची फॉइल टेप. कापडी टेप पुन्हा वापरू नकोस, उष्णतेत ती टिकत नाही.

व्होल्टेजचं गणित बघ. वाटेत 1.6 व्होल्ट हरवतायत. तुझ्या फर्नेसची मोटर साधारण 9 अँपिअर घेत असेल, म्हणजे 14 वॅटच्या आसपास उष्णता कुठल्यातरी वायरीत किंवा जोडात जिरतेय. बहुतेक वेळा तो चासीला जोडलेला निगेटिव्ह असतो, गंजलेला. फर्नेस दहा मिनिटं चालवून बंद कर आणि जोड चाचपून बघ, खराब जोड हाताला कोमट लागेल. नाही सापडला तर मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं फर्नेसच्या निगेटिव्हला धर, ब्लोअर चालू ठेवून. तिथे दीड व्होल्ट दिसला तर दोष त्या बाजूला, जवळजवळ शून्य दिसला तर पॉझिटिव्हच्या बाजूला. पॉझिटिव्ह वायर उघडण्याआधी बॅटरी तोड.

सातारकर_डेन्व्हर

निगेटिव्हच होता. पायरीजवळ चासीला लावलेल्या बोल्टखाली हिरवट गंज. पॉलिश पेपरने घासून चकाकी आणली, नवं लग (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) लावलं. आता फर्नेसपाशी 12.2. डक्टचं सामान जवळच्या गावातल्या दुकानात मिळालं, तेही बसवलं. बेडरूमच्या व्हेंटला 43 अंश, टिश्यू पेपर उडून जातो. ज्योत मध्ये विझत नाही. आई म्हणाली, आज गोधडी पायाशीच ठेवते.

चाकांवरचं_घर

छान झालं. दोन गोष्टी अजून करून घे. बाहेरच्या बाजूला फर्नेसचा धूर सोडणारं तोंड बघ, त्यात मातीची घरं बांधणाऱ्या गांधीलमाश्यांनी काही भरलं नाही ना. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म भिंतीवरून काढून मागची तारीख वाच. त्या सेन्सरचं आयुष्य ठरलेलं असतं. गाडी सेकंडहँड आहे, तो मुदतीबाहेर गेला असेल तर पुढच्या मुक्कामाआधी नवा घे.