ड्रॉ म्हणजे दम नाही असं नाही

कोणीतरी म्हटलंय की आपल्या कॉलेजच्या मुलींच्या सॉकर (फुटबॉल) टीमच्या एवढ्या मॅचेस ड्रॉ झाल्या म्हणजे टीममध्ये दम नाही, पहिल्याच राउंडला घरी येतील. मला नाही पटत. २०२२ पासून अमेरिकन कॉलेज सॉकरच्या रेग्युलर सीझनमध्ये एक्स्ट्रा टाइमच काढून टाकलाय, ९० मिनिटांनी बरोबरी असली की मॅच संपली, त्यामुळे पूर्वी जिथे निकाल लागायचा तिथे आता ड्रॉ लिहिला जातो. एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) ६४ टीम्सच्या नॉकआउटमध्ये तसं नाही, तिथे १०-१० मिनिटांचे दोन पिरियड पूर्ण खेळायचे, गोल झाला तरी थांबत नाहीत, आणि तरीही बरोबरी असेल तर पेनल्टी. म्हणजे खरा प्रश्न बेंचवरच्या मुलींचा आहे, शंभराव्या मिनिटाला पाय कोणाचे चालतात त्याचा.

आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीलाच राहतो, त्यामुळे तिथे झालेली २०२२ ची मुलींची एनसीएए फायनल स्टेडियममध्ये बसून बघितली. नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटी २-० ने पुढे, शेवटची दहाएक मिनिटं उरलेली, आजूबाजूचे सगळे जिंकल्यासारखेच ओरडत होते. मग समोरच्या यूसीएलएने (लॉस एंजेलिसची युनिव्हर्सिटी) एक गोल परत केला आणि घड्याळात फक्त १६ सेकंद असताना कॉर्नरवरून हेडरने बरोबरी! (कॉलेजमध्ये घड्याळ उलटं मोजतात ना, ते सेकंद उतरताना बघणं फार जीवघेणं असतं.) शेवटी एक्स्ट्रा टाइममध्ये १०७ व्या मिनिटाला गोल करून यूसीएलए ३-२ ने जिंकली. माझी लेक तेव्हा शाळेच्या टीममध्ये डिफेंडर होती, घरी येईपर्यंत ती एकच विचारत होती, त्या कॉर्नरला मागच्या पोस्टवर कोण उभं होतं?