मदत हवी आहे: मुक्तछंदात ओळ तोडायची कुठे?

मंडळी, कोणी मुक्तछंद लिहिणारं असेल तर जरा सांगा. मी आतापर्यंत फक्त यमकवाल्या कविता केल्यात, वाढदिवस, निरोप समारंभ वगैरे, आणि मोठ्या अभंगाचा हिशोब बोटांवर पाठ आहे, ६-६-६-४ अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक, की झालं काम. पण बाबा गेल्यावर त्यांच्या घड्याळावर लिहायला बसले आणि यमक जुळवताना सगळं खोटं वाटायला लागलं, म्हणून असं लिहिलं:

बाबांचं घड्याळ अजून
पाच मिनिटं पुढेच आहे
घाई करणारा माणूस
गेला

भावाला दाखवलं तर म्हणे ही कविता कुठेय, हा तर एंटर मारून तोडलेला परिच्छेद आहे! राग आला, पण रात्री वाटलं त्याचंही चुकत नसेल. 'गेला' एकटं ठेवलं कारण मोठ्यानं वाचताना तिथे माझा श्वास अडकतो, पण मग 'अजून'नंतर का तोडलं याला माझ्याकडे उत्तरच नाही, नुसतं बरं दिसलं म्हणून.

कवी अनिलांनी मराठीत मुक्तछंद रुजवला आणि नंतर तेच दहा ओळींच्या दशपदीकडे वळले, म्हणजे मोकळं लिहिणाऱ्यालाही कुंपण लागतंच ना काहीतरी? मग यमक सोडल्यावर लय कशी पकडता तुम्ही, बोलण्याच्या ठेक्यावर की शब्द पुन्हा पुन्हा आणून? आणि 'घाई करणारा माणूस' हे जास्तच उघड होतंय का, काढून टाकू? स्पष्ट सांगा, वाईट नाही वाटणार (थोडं वाटेल).