मदत हवी आहे: सायकलची सीट वर येत नाही, गुडघा दुखतोय

वाटसरू: रविवारी रत्नागिरीहून आरेवारेमार्गे गणपतीपुळ्याला जायचंय. अर्ध्या तासात गुडघा भरून येतो. सीट वर घ्यायची, पण हलत नाही. लवकर सांगा.

घाटवाट: गुडघा पुढून दुखतो की मागून? सायकल कुठली? पायाची आतली लांबी किती?

वाटसरू: पुढून, वाटीच्या खाली. सायकल गिअरची, जुनी. लांबी कशी मोजू?

घाटवाट: पुढून म्हणजे बहुतेक सीट खाली आहे. मागून दुखलं असतं तर उलट. अनवाणी भिंतीला पाठ लावा, मांड्यांत पुस्तक घट्ट वर दाबा, वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. गुणिले ०.८८३. लांबी ८० सेंमी असेल तर क्रँक, म्हणजे पॅडलचे दांडे, ज्या मध्याभोवती फिरतात तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंत ७०.६.

खटपट्या: गणित कशाला? टाच पॅडलवर ठेवा, पॅडल तळाला, पाय सरळ. कंबर डुलली की सीट जास्त वर.

घाटवाट: जाड सोलच्या चपलेत बघितलंत तर टाच फसवते.

खटपट्या: मग तुमच्या सूत्रात सोल कुठे आहे? क्रँकची लांबी तरी आहे का?

निळीमोळी: चढाला त्रास होत असेल तर मागे मोठी चकती टाकून घ्या.

खारावारा: अहो, सीट हलतच नाही म्हणताहेत ना ते! फ्रेमला लोहचुंबक चिकटतो का? सीटखालच्या दांड्याला, म्हणजे पोस्टला?

वाटसरू: फ्रेमला चिकटतो, पोस्टला नाही.

खारावारा: लोखंडात ॲल्युमिनियम, वर किनाऱ्याची खारी हवा; गंजून धरलंय. पोस्ट आवळणारा क्लॅम्प पूर्ण काढा, सांध्यात गंज सोडवणारं तेल घाला, रात्रभर ठेवा. खोबरेल नको. सकाळी सीट दोन्ही हातांनी डावी-उजवी फिरवा. फिरल्याशिवाय वर ओढू नका. तेल घातल्यावर बर्नर लावू नका, पेटेल. सुटली की पॉलिश पेपर मारा, ग्रीस लावा.

वाटसरू: सुटली! पण पोस्टवरची ‘याहून वर काढू नका’ची रेष बाहेर आली, अजून दीड सेंमी कमी पडतंय.

खारावारा: रेष फ्रेमच्या आतच हवी, नाहीतर पोस्ट मोडेल किंवा फ्रेम तडकेल. लांब पोस्ट घ्या. जुन्यावर व्यास कोरलेला असतो, २७.२ वगैरे, तोच आकडा. ०.२ मिमी बारीक घेतलात तरी खाली सरकत राहील.

घाटवाट: आणि एकदम दीड सेंमी चढवू नका. ५-५ मिमीने. रविवारी पुळ्याला नको, जवळच भाट्यापर्यंत जाऊन या.

निळीमोळी: मडगार्ड आहे का? आरेवारेला वाळू उडते.