बोन (फ्रान्स) इथे पळायला मार्ग सुचवा : ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा

तापीकाठ
नमस्कार मंडळी. कामानिमित्त तीन आठवडे बर्गंडीतल्या बोन गावी मुक्काम आहे, राहणं तटबंदीच्या आत. सध्या जळगावात मेहरूण तलावाभोवती सराव चालतो, अर्धमॅरेथॉनचा वेग सव्वादोन तासांचा. रोजच्यासाठी ६-७ किमी, चढाचा एखादा मार्ग आणि रविवारी १८ ते २२ किमी असं हवंय. द्राक्षमळ्यांतून पळू देतात का, की कुंपणं असतात? पाणी सोबत न्यावं लागेल का? डांबरी रस्त्यावर गाड्यांच्या कडेने पळायची इच्छा नाही.

मळेवाट
कुंपणं जवळपास नाहीत. मळ्यांमधले काँक्रीटचे आणि मुरमाचे रस्ते वापरता येतात, पण ओळींच्या मधून जायचं नाही. आपल्याकडे कोणी केळीच्या बागेतून आडवं पळत गेलं तर मालक जे म्हणेल, तेच तिथेही ऐकायला मिळेल.

लांब पल्ल्यासाठी डोळे झाकून ‘व्ह्वा दे व्हिन्य’ घ्या. सायकलींसाठी आखलेली ही मळ्यांतली वाट बोनच्या दक्षिण टोकाकडून निघते आणि सांतने गावापर्यंत सुमारे २२ किमी जाते. वाटेत क्रमाने पोमार, व्होल्ने, म्यूर्सो, प्युलिनी-मोंराशे, शासान्य-मोंराशे ही गावं लागतात. पोमार साडेतीन-चार किमीवर आहे, म्हणजे तिथपर्यंत जाऊन परत आलात की रोजचं काम झालं. म्यूर्सोपर्यंत जाऊन-येऊन १६ च्या आसपास भरतं. वाट सपाट दिसते, पण व्होल्नेच्या आधी आणि नंतर सतत वर-खाली आहे, त्यामुळे मेहरूणचा वेग धरून बसू नका. किलोमीटरला १५-२० सेकंद जास्त धरा.

चढासाठी गावाच्या पश्चिमेला मोंतान्य द बोन. गावापासून माथ्यापर्यंत सव्वाशे मीटरहून थोडी जास्त उंची चढावी लागते, तीही दोन-अडीच किमीत. पहिला भाग मळ्यांतून, वर झाडी. आठवड्यातून एकदा पुरे.

तटबंदीभोवती फेरी मारण्याचा मोह होईल. ती दोन किमीहून थोडी मोठी आहे, पण आतल्या गल्ल्या दगडी फरशीच्या आहेत, ओल्या असल्या की घसरतात, आणि बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावर सकाळी वाहतूक असते. शेवटचा दमसास उतरवायला ठीक, सरावाला नाही.

सातपुडा_एक्सप्रेस
वरच्याशी सहमत, फक्त तटबंदीबद्दल नाही. त्या दिवसांत अंधार फार असतो. युरोपातली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे जातात. त्याच्या आदल्या आठवड्यात तिथे सूर्योदय सकाळी आठच्याही नंतर होतो! घड्याळ बदललं की सव्वासातला उजाडतं, पण संध्याकाळी साडेपाचलाच सूर्य मावळतो. नऊला कामावर हजर व्हायचं असेल तर पहिल्या दहा दिवसांत मळ्यांमध्ये बॅटरीशिवाय जाता येणार नाही, आणि तिथे दिवे नाहीत. तेव्हा पथदिव्यांखाली तटबंदीच्या दोन-तीन फेऱ्याच बऱ्या. डोक्याला लावायची बॅटरी आणि चमकणारं जाकीट इथूनच न्या.

दुसरं, वाहनं उजवीकडून चालतात. गावाबाहेर पादपथ नसेल तर पायी चालणाऱ्याने रस्त्याच्या डाव्या बाजूने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून जायचं, असा तिथला नियम आहे. आपली सवय नेमकी उलटी. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा. धोका दमलेलं असताना जास्त, कारण तेव्हा मान आपोआप जुन्या सवयीने वळते. डी-९७४ हा मोठा रस्ता मळ्यांच्या खालून सरळ जातो आणि नकाशावर जवळचा वाटतो. त्याच्या वाटेला जाऊ नका.

शिकारीचा हंगाम सप्टेंबर ते फेब्रुवारी असतो. उघड्या मळ्यांत फारसं काही नाही, पण मोंतान्यच्या झाडीत किंवा मागच्या ओत-कोत डोंगरांत रविवारी जाणार असाल तर भगवा किंवा पोपटी टी-शर्ट घाला. ‘शास आं कूर’ अशी पाटी वाटेवर उभी दिसली तर पुढे जाऊ नका, रानडुकरांचा हाका चालू असतो.

मळेवाट
बॅटरीचा मुद्दा बरोबर.

पाण्याचं सांगायचं राहिलं. त्या थंडीत १० किमीपर्यंत गरज पडत नाही. पुढे अर्ध्या लिटरची मऊ बाटली पुरते. गावातल्या कारंज्यावर ‘ओ नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पिण्याचं पाणी नाही. फ्रान्समधले धावणारे गावच्या स्मशानभूमीतल्या नळावर बाटली भरतात, जवळपास प्रत्येक गावात तो असतो. फक्त १ नोव्हेंबरच्या आसपास टाळा. त्या दिवशी सुट्टी असते, लोक शेवंतीच्या कुंड्या घेऊन थडग्यांवर येतात, आणि घामेजलेल्या चड्डीत नळावर उभं राहणं शोभत नाही. दुकानंही त्या दिवशी बहुतेक बंद.

नकाशासाठी फ्रान्सच्या आयजीएन संस्थेचे १:२५,००० चे नकाशे घ्या, म्हणजे कागदावर १ सेंमी तर जमिनीवर २५० मीटर. वाटांवरच्या खुणाही शिकून ठेवा: पांढरा-लाल पट्टा म्हणजे लांब पल्ल्याची पायवाट, पिवळा-लाल म्हणजे त्या प्रदेशाची फेरी, नुसता पिवळा म्हणजे स्थानिक छोटी वाट. त्याच रंगांची फुली दिसली की वाट चुकली, मागे फिरा. मळ्यांत सगळे चौक सारखेच दिसतात, त्यामुळे फुली न बघता पुढे गेलं की दोन किमी फुकट जातात.

अमळनेरी_पाय
बुटांचं कोणी बोललं नाही. तिथली माती चुनखडी मिसळलेली चिकण आहे. पावसानंतर आपल्या काळ्या मातीइतकी नाही, तरी तळव्याला भरपूर चिकटते. व्ह्वा दे व्हिन्यवर साधे रस्त्याचे बूट चालतील. मोंतान्य आणि ओत-कोतसाठी ३-४ मिमी नक्षीचे बूट घ्या, त्याहून खोल नको, कारण निम्मा वेळ काँक्रीटवरच पळावं लागतं.

जायच्या आधी उताराचा सराव करा. जळगाव आणि बोन समुद्रसपाटीपासून जवळपास सारख्याच उंचीवर आहेत, दमाचा प्रश्न नाही. पण आपल्याकडे सपाटीवर पळणाऱ्याच्या मांड्या काँक्रीटच्या उतारावर तिसऱ्या दिवशी बोंब मारतात. चाळीसगावकडे जाणं होत असेल तर पाटणादेवी परिसर, रावेरकडे असाल तर पालचा घाट. ३००-४०० मीटरचा उतार, सहा वेळा, लहान पावलं, टाच आधी टेकवायची नाही. चढ चालत चढला तरी चालेल. आठवड्यातून एकदा, चार आठवडे.

कपड्यांत दोन पातळ थर आणि हातमोजे. ऑक्टोबर हीटमधून थेट ५-७ अंशांत गेल्यावर पहिल्या दोन किमीत दम लागतो तो थंड हवेमुळे. सावकाश सुरू करा. सोन नदीच्या सपाटीवर नोव्हेंबरात धुकं बसतं, ते वर मळ्यांपर्यंतही चढतं.

आणि एक, पुढे कोणाला उपयोगी पडेल म्हणून: मे ते ऑगस्टमध्ये गेलात तर द्राक्षांवरच्या केवडा आणि भुरी या रोगांसाठी फवारणी चालू असते. ओळींवरून दोन्ही बाजूंना चाकं टाकून चालणारा उंच ट्रॅक्टर दिसला की वाऱ्याची दिशा बघून वाट बदला. बोर्डो मिश्रण असो की दुसरं काही, छातीत घ्यायची गोष्ट नाही.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. एकच शंका: रविवारी २२ किमी एका दिशेने पळून परत कसं यायचं?

मळेवाट
रेल्वेने. सांतनेला पोचल्यावर कालव्यालगतची वाट (‘कानाल द्यु सांत्र’) धरून शान्यी गाठा, आणखी चार-साडेचार किमी, पूर्ण सपाट. म्हणजे एकूण २६ होतात, तुमच्या हिशेबात जास्त. त्याऐवजी शासान्यहून खाली रेमिन्यीला उतरा, तिथे कालवा लागतो, आणि डावीकडे शान्यी. एकूण २०-२१ मध्ये बसतं. शान्यीहून टीईआर लोकल पंधरा मिनिटांच्या आत बोनला सोडते. रविवारी गाड्या कमी असतात, त्यामुळे वेळापत्रक आधी बघा आणि गाडीच्या वेळेवरून उलट मोजून निघा. खिशात कोरडा टी-शर्ट ठेवा. फलाटावर वारा लागला की पाच मिनिटांत हुडहुडी भरते.

सातपुडा_एक्सप्रेस
मुक्काम दहा-बारा दिवस वाढवता आला तर बघा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी तिथल्या जुन्या धर्मादाय रुग्णालयाचा, १४४३ मध्ये स्थापन झालेल्या ऑस्पिस द बोनचा, वाइन लिलाव असतो आणि त्याच शनिवार-रविवारी गावात अर्धमॅरेथॉनही होते. मात्र त्या दोन दिवसांत हॉटेलात खोली मिळणं मुश्कील, आधी खोलीचं बघा आणि मग नाव नोंदवा.