मदत हवी आहे: जर्मनीतल्या गावात १७ डिसेंबरची खिडकी आमच्याकडे आलीय

मंडळी नमस्कार, जरा मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही दक्षिण जर्मनीत श्वेबिश आल्ब नावाच्या डोंगराळ भागात एका खेड्यात राहतो, वस्ती सहाशेच्या आसपास, एक बेकरी, एक चर्च, फायर ब्रिगेडची शेड, आणि शेवटची बस संध्याकाळी पावणेसातला. हा आमचा चौथा हिवाळा. इथे ख्रिसमसच्या आधी "जिवंत अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर" करतात. १ ते २४ डिसेंबर रोज एका घराची पाळी, त्या घराने रस्त्याकडची खिडकी सजवायची, त्यात तारखेचा आकडा लांबून दिसला पाहिजे, आणि सहा वाजता गावकरी आपापला कप घेऊन त्या खिडकीखाली जमतात. पडदा उघडतो, यजमान छोटीशी गोष्ट वाचतात, दोनतीन गाणी होतात, गरम काहीतरी पितात आणि पाऊण तासात सगळे घरी. खिडकी मग ६ जानेवारीपर्यंत रोज संध्याकाळी लावून ठेवायची. साडेचारलाच अंधार पडतो हो इथे, त्यामुळे चोविसाव्या दिवशी गावातून चक्कर मारली की इतकं बरं वाटतं!

तीन वर्षं आम्ही कप घेऊन जाणाऱ्यांत होतो. यंदा बेकरीत यादी लागली तेव्हा लेकीने (दुसरीत आहे) १७ समोर आमचं नाव लिहिलं आणि मला घरी येऊन सांगितलं. १७ ला बुधवार आहे, म्हणजे ऑफिस करून सगळं करायचंय.

मला हे नीट करायचंय त्याचं कारण शेजारच्या आजी. ८२ वर्षांच्या आहेत. पहिल्या हिवाळ्यात आम्ही इथे कुणालाच ओळखत नव्हतो तेव्हा ५ डिसेंबरच्या रात्री त्यांनी येऊन सांगितलं की मुलीचे बूट घासून दाराबाहेर ठेव, आणि सकाळी त्यात अक्रोड, संत्रं आणि चॉकलेटचा निकोलाउस (संत निकोलस) होता. दरवर्षी ४ तारखेला, सेंट बार्बाराच्या दिवशी, त्या चेरीच्या काड्या तोडून आणून देतात, पाण्यात ठेवल्या की ख्रिसमसपर्यंत फुलतात, गेल्या वर्षी आमच्या काडीला पाच फुलं आली होती. आणि गेल्याच वर्षी त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही व्हॅनिला किपफर्ल वळत होतो (बदामाची पूड घातलेली चंद्रकोरीसारखी बिस्किटं, गरम असतानाच साखरेत घोळवायची), तेव्हा त्यांनी हातातलं पीठ झटकलं आणि म्हणाल्या, आता मला "तू" म्हणायचं. तीन वर्षं अहोजाहो चाललं होतं आमचं. इथे मोठ्या माणसाने आपणहून "तू" म्हण सांगणं ही लहान गोष्ट नाही, घरी येऊन मला रडू आलं होतं.

तर प्रश्न असे.

खिडकीत मला आकाशकंदील लावायचाय. गावात बऱ्याच घरांत तो कागदी टोकांचा हेर्नहूट गावचा तारा टांगतात, पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तो कंदीलच वाटला होता. पण सण त्यांचा, धर्म त्यांचा, आपण दिवाळीची वस्तू लावली तर कुणाला खटकेल का? शिवाय परवा ट्रायल म्हणून काचेवर रंगीत पारदर्शक कागद चिकटवला तर सकाळी काचेला आतून घाम आलेला आणि कागद सुरकुतून खाली लोंबत होता.

प्यायला बहुतेक जण ग्लूवाइन (मसाले घातलेली गरम वाइन) ठेवतात, मुलांना गरम सफरचंदाचा पंच. मला आपला मसाला चहा ठेवायचाय, साधारण ४० माणसं धरून. फायर ब्रिगेडवाले त्यांचं मोठं इलेक्ट्रिक भांडं देतायत. त्यात चहा होईल का?

खायला करंज्या करू की आणखी काही? एका हातात कप, दुसऱ्यात हातमोजा, बाहेर शून्याच्या खाली, त्यामुळे बशी-चमचा चालणार नाही.

आणि वाचायला काय घेऊ? इथली बोली मला समजते पण ४० लोकांसमोर वाचायचं म्हणजे पोटात गोळा येतो.

प्रतिसाद १

ताई, माझं पुण्यात चहाचं दुकान आहे म्हणून चहापुरतं सांगतो. त्या भांड्यात दूध घालू नका, हीटर तळाला असतो, दूध लागतं आणि करपल्याचा वास सगळ्या चहाला येतो. नुसता कोरा चहा त्यात करा. ४० कप म्हणजे कपाला दीडशे मिली धरून सहा लिटर, पैकी चार लिटर पाणी आणि दोन लिटर दूध. पाण्यात आलं, वेलची, थोडी दालचिनी चांगली उकळू द्या, मग शंभर ग्रॅम चहा पावडर, पाच मिनिटांनी गाळून परत भांड्यात, आणि मंद आचेवर गरम ठेवा. पावडर आत ठेवली तर कडू होईल. दूध घरात वेगळं उकळून थर्मासमध्ये आणा आणि वाढताना कपात घाला. आलं पाण्यातच उकळलेलं असू द्या, कच्चं आलं दुधात पडलं की दूध फाटतं. साखर बेताची घालून जास्तीची बाजूला ठेवा.

प्रतिसाद २

मी अकरा वर्षं लाइपझिगला आहे. कंदील बिनधास्त लाव गं. हेर्नहूट इथून पूर्वेला, झाक्सन राज्यातच आहे. तो तारा मुळात १९व्या शतकात मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या बोर्डिंग शाळेत भूमितीच्या तासाला मुलं करायची, २५ टोकं, १७ चौकोनी बुडाची आणि ८ त्रिकोणी. तुझी तारीखही १७, हे लेकीला सांग! कागद काचेला चिकटवू नकोस, काच थंड आणि खोली गरम, पाणी धरणारच. कंदील पडद्याच्या दांडीला दोऱ्याने टांग, काचेपासून वीतभर आत, आणि आत एलईडी बल्ब. आकडा काळ्या जाड कार्डशीटमधून कापून कंदिलावरच लाव.

करंज्या ४० माणसांच्या एकटीने करू नकोस, कामाच्या आठवड्यात जीव जाईल. शंकरपाळी कर. दूध, साखर, तूप सारखं घे, उकळून गार कर, मावेल तेवढा मैदा (इथलं ४०५ नंबरचं पीठ) आणि मूठभर रवा, रवा मात्र वाइख-वाइत्सनवाला (मऊ गव्हाचा) घे, हार्ट लिहिलेला पास्त्याचा असतो. आधीच्या शनिवारी तळून डब्यात भर, कागदी पुड्या बांधून दे, वर काय काय घातलंय ते लिही.

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार. काल दुसऱ्या अ‍ॅडव्हेंटला (ख्रिसमसच्या आधीच्या चार रविवारांतला दुसरा) दहा कपांचा चहा दादांच्या पद्धतीने करून बघितला, दूध वेगळं ठेवून, अजिबात बिघडला नाही. आजींना कंदिलाचं विचारलं. म्हणाल्या, डिसेंबरात उजेड आणणाऱ्याला कोण नको म्हणेल, आणि त्यांच्या फुलायला लागलेल्या काड्याही त्याच खिडकीत ठेवायला देणार आहेत. वाचायचंही त्यांनीच सोडवलं: मी आमच्या गल्लीतले कंदील कसे असायचे ते माझ्या शब्दांत पाच-सहा वाक्यांत सांगायचं, लेकीने ते मोठ्याने वाचायचं, आणि अडली तर शेजारी आजी उभ्या राहणार.

कंदील टांगला. लेक पलीकडच्या फुटपाथवर जाऊन बघून आली, १७ दिसतो पण ७ चा दांडा बारीक पडलाय, तो आज पुन्हा कापते. शंकरपाळी शनिवारी. कुणाला एलईडी कंदिलात नीट मध्यभागी कसा लटकवायचा माहीत असेल तर सांगा, आमचा एका बाजूला कलतोय.